ज्याचे जळते, त्याचे मत

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस कळमनुरी तालुक्यातील एका खेड्याच्या ग्रामसभेस मी गेलो होतो. गाव माझे नव्हे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे, आणि मी तेथे केवळ त्याच्या आग्रहास्तव मारुतीच्या पारावर येऊन बसलेला पाहुणा होतो. सभेपुढे रस्ता, पाणी, घरकुले असे नेहमीचे विषय होते. ते संपून लोक उठू लागले, इतक्यात बायकांच्या घोळक्यातून एक वृद्धा पुढे झाली आणि कोणास उद्देशून असे नाही, परंतु सर्वांस ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘दवाखान्याचं दार कव्हा उघडतं अन् कव्हा बंद व्हतं, तेवढं त्या दारावर लिवून ठिवा. माह्या नातीला घेऊन तीनदा गेले, तिन्ही बारीला कुलूप.’’ सभेत थोडा हशा पिकला. सचिवांनी मान हलविली. तिचे म्हणणे त्यांनी लिहून घेतले की नाही, ते मला बसल्या जागेवरून दिसले नाही.

परतताना गाडीत माझे एक डॉक्टर स्नेही होते. सरकारी नोकरीत त्यांनी उभी हयात घालविली आहे, आणि गोरगरिबांविषयी त्यांच्या मनात जो कळवळा आहे तो माझ्यासारख्या पुस्तकी माणसाच्या मनात असेल की नाही याची मला शंका आहे. तरीही ते म्हणाले, ‘‘सर, लोकांची मते म्हणाल तर ती मला पाठ आहेत. ताप आला की सलाईन लावा, अंग दुखले की सुई द्या, नुसत्या गोळ्या दिल्या की डॉक्टर कुचकामाचा. उद्या सरकारने लोकमताने आरोग्यखाते चालवायचे ठरविले, तर गावोगावी सलाईनची पाणपोई घालावी लागेल!’’

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. डॉक्टरांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि म्हातारीचेही नव्हते. ज्या विषयाचे शास्त्र आपणांस अवगत नाही, त्या विषयात सरकारला मत सांगण्याचा सामान्य नागरिकास अधिकार कोणता? आणि ते ऐकून घेण्यास सरकार कितपत बांधलेले आहे? प्रजासत्ताकात प्रत्येकास मत आहे, एवढे उत्तर कायद्याच्या दृष्टीने पुरे होईल. परंतु मत असण्याचा हक्क निराळा आणि त्या मताला मोल असणे निराळे. कायदा पहिली गोष्ट देतो. दुसरी त्याच्या हातची नाही.

डॉक्टरांचा आक्षेप पुरातन आहे. प्लेटोने ‘गॉर्जियस’ या संवादात वैद्य आणि आचारी यांना मुलांच्या पंचायतीपुढे उभे केले आहे. कडू औषध देणारा एक, गोड पक्वान्ने देणारा दुसरा. मुले निवाडा देणार असतील तर वैद्याला उपाशीच मरावे लागेल, असा त्याचा टोला. लोकसत्तेवर याहून बोचक टीका क्वचितच झाली असेल. परंतु याच प्लेटोने उतारवयात लिहिलेल्या ‘कायदे’ या ग्रंथात वैद्यांच्या दोन जाती सांगितल्या आहेत, त्यांकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. गुलामांवर उपचार करणारा वैद्य, जो बहुधा स्वतःही गुलामच असतो, तो रोग्याला काही विचारीत नाही व काही सांगत नाही. हुकूम सोडून पुढच्या रोग्याकडे धावतो. स्वतंत्र नागरिकांवर उपचार करणारा वैद्य मात्र रोग्याशी व त्याच्या आप्तांशी बोलतो, त्यांच्यापासून शिकतो, त्यांना शिकवितो, आणि रोग्याचे मन वळल्यावाचून औषध देत नाही. वैद्यकाचे ज्ञान दोघांचे सारखेच आहे असे क्षणभर धरले, तरी त्यांतला कोणता वैद्य आपल्या जिल्ह्यास हवा, याचे उत्तर माझे स्नेही आणि मी एकच देऊ.

प्लेटोचा शिष्य अॅरिस्टॉटल याहून पुढे गेला. घर बांधतो गवंडी, पण त्यात राहतो तो त्याची पारख अधिक करतो. सुकाणू करतो सुतार, पण ते चांगले की वाईट हे नावाडी सांगतो. आणि पंगतीचा निवाडा आचाऱ्याने नव्हे, जेवणाऱ्याने करावयाचा. आपल्याकडे हीच गोष्ट ग्रंथाचा आधार न घेता चार शब्दांत सांगतात: ज्याचे जळते त्याला कळते. मात्र या म्हणीचा अर्थ आपण जरा सैल लावतो. ज्याचे जळते त्याला काय कळते? विझविण्याचे शास्त्र कळते असे नव्हे. कोठे जळते आहे, हे त्याला कळते.

रोगी वैद्यापुढे बसतो तेव्हा पुष्कळदा तो निदानही आपणच सांगून मोकळा होतो: ‘वात झाला’, ‘उष्णता झाली’, ‘पोराला नजर लागली’. चांगला वैद्य त्या निदानास हसत नाही, आणि त्यावर विसंबतही नाही. दुखते कोठे, केव्हापासून, रात्री वाढते की दिवसा, एवढे तो त्यातून वेचून घेतो. रोग्याचे निदान चुकेल. दुखणे चुकत नाही. सलाईन मागणाऱ्या मजुराकडे या दृष्टीने पाहावे. वसमतकडे हळद शिजविण्याचे दिवस असतात, रोज बुडाला तर चूल अडते, आणि उद्या सकाळी उभे राहता आले पाहिजे अशी निकड असते. बाटलीतल्या पाण्याने ताप जात नाही हे डॉक्टरांचे म्हणणे खरे. पण त्या मागणीत दोन दिवसांच्या मजुरीचा हिशेब दडलेला आहे, आणि तो हिशेब सरकारच्या कोणत्याही तक्त्यात उतरत नाही.

म्हातारीच्या कुलपाचेही तसेच. उपकेंद्रातील परिचारिकेकडे आसपासची काही गावे असतात. लसीकरणासाठी ती दुसऱ्या गावी गेली म्हणजे या गावी कुलूप लागणारच. जिल्ह्याच्या कागदावर ते उपकेंद्र ‘कार्यरत’ असणार, आणि कागद खोटेही बोलत नसणार. मैदानी मुलखात ५,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे मान सरकारने ठरविले आहे. ते भरले की नाही, हे आकड्यांनी सांगता येते. परंतु तीन कोस चालून आलेल्या बाईस कुलूप दिसले, ही गोष्ट कोणत्या आकड्यात बसवावी? आणि नीट ध्यानात घ्या, कुलूप नको असे ती म्हणालीच नाही. ते केव्हा असते, एवढेच तिला ठाऊक हवे होते. इतकी माफक, इतकी बिनखर्ची सूचना एखाद्या तज्ज्ञ मंडळाकडून आली असती असे मला वाटत नाही. तज्ज्ञ मनुष्य दाराशी आतून येतो.

लोकांचे दुखणे ऐकण्याची टाळाटाळ झाली म्हणजे काय होते, याचा धडा महाराष्ट्राला १८९७ साली मिळाला आहे. पुण्यात प्लेगचा कहर होता. रँडसाहेबांच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमली गेली. गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले, रोग्यांना इस्पितळात व घरच्यांना छावणीत हलवू लागले. येथे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे, की रोग्यास निराळे ठेवावे हे तत्त्व अशास्त्रीय नव्हते आणि लोकांच्या मनातील पुष्कळशी भीती निराधार होती. त्याच वर्षी हाफकिनसाहेबांनी मुंबईत प्लेगाची लस तयार केली होती, तिच्याविषयीही लोक नाना शंका घेत. म्हणजे निदान लोकांचे चुकत होते. पण दुखणे? सोवळ्या स्वयंपाकघरात बुटांनिशी शिरणे, बायकांना परक्या पुरुषांपुढे उभे करणे, सामानसुमानाची नासधूस, याबद्दलचे अर्ज आणि वर्तमानपत्रांतील गाऱ्हाणी यांचा ढीग पडला. अर्ज करणे पुण्याला नवे नव्हते. १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे पहिले ९५ सभासद सुमारे ६,००० लोकांनी निवडून दिलेले होते, आणि रयतेचे म्हणणे सरकारपुढे रीतसर मांडणे हेच त्या सभेचे काम होते. पण ऐकणारा कान नसला म्हणजे अर्जाची भाषा कितीही रीतसर असून उपयोग नाही. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत पिस्तुलाचे बार झाले. खुनाचे समर्थन करण्याचे हे स्थळ नव्हे, आणि माझी ती इच्छाही नाही. पुढील काळात प्लेगाच्या बंदोबस्तातील सक्तीचा जोर सरकारने कमी केला. तो आधी, अर्ज वाचून, कमी करता आला नसता काय, एवढेच विचारावेसे वाटते.

या प्रकरणातील दुसरी एक घटना मला अधिक अस्वस्थ करते, कारण ती माझ्यासारख्यांची आहे. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्याकरिता विलायतेस गेले होते. पुण्याहून स्नेह्यांची पत्रे येत. त्यांतील मजकुरावर विश्वास ठेवून सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनी तेथील वर्तमानपत्रातून केला. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला, तेव्हा पुढे येण्यास कोणी तयार होईना. गोखल्यांनी पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड केली नाहीत. बिनशर्त माफी मागितली, आणि त्या माफीबद्दल स्वकीयांचे बोल आयुष्यभर सोसले. खरे काय घडले होते याचा निवाडा आज करता येणार नाही. परंतु ज्यांच्यावर प्रसंग आला त्यांचा आवाज एका सुशिक्षिताच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी, तेथून समुद्रापलीकडे जातो, आणि कसोटीची वेळ आली की मूळ आवाज कोठेच सापडत नाही, हा प्रकार त्या एका वेळीच घडला असे नाही.

पुण्यास निदान अर्ज करता येत होते. आमच्या हिंगोलीस तेवढेही नव्हते. हा मुलूख निजामाचा. येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, आणि निजामी राज्यातील ‘गश्ती निशान ५३’प्रमाणे जाहीर सभा भरवावयाची तर आधी परवानगी काढावी लागे. सर जोसेफ भोर यांच्या कमिटीने १९४६ साली आपला आरोग्यविषयक अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व त्यात मांडले, आणि या कामी लोकांचा सहभाग असल्यावाचून ते तडीस जाणार नाही असेही बजाविले. पण ती कमिटी ब्रिटिश हिंदुस्थानापुरती होती. निजामाची प्रजा तिच्या कक्षेत नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आम्ही बोलू लागलो. पारावर उठून उभी राहिलेली ती म्हातारी कोणाची परवानगी न घेता बोलली, ही गोष्ट तिच्या आईला शक्य नव्हती. सभेतील हशाने मला वाईट वाटले ते यासाठी.

औंढ्याच्या नागनाथाची कथा येथे कोणास ठाऊक नाही? याच जिल्ह्यातील नरसीचे नामदेव देवापुढे कीर्तन करीत होते; पुजाऱ्यांनी त्यांना हटकून देवळाच्या मागे जावयास सांगितले; ते मागे जाऊन गाऊ लागले, तो देऊळच फिरले व देवाने त्यांच्याकडे तोंड केले. चमत्कारावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, हे ज्याचे त्याने पाहावे. मला नवल वाटते ते या गोष्टीचे, की शतकानुशतके आमच्या लोकांनी ही कथा जपून ठेविली. मागे घालविलेल्या माणसाने पुढे येण्यासाठी भांडावे असे ती सांगत नाही. ऐकणाऱ्याने वळावे असे सांगते. जिल्हा कचेरीची इमारत अशी फिरेल अशी अपेक्षा कोणी करीत नाही. साहेबांची खुर्ची फिरली तरी पुष्कळ झाले.

ती फिरविण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सरकारच्याच राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली सुरू झाला. उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, आमच्याच मराठवाड्यातील. गावकऱ्यांनी आपल्या दवाखान्याची पाहणी करावयाची. चांगले ते हिरव्या, बरे ते पिवळ्या, वाईट ते तांबड्या रंगाने दाखवावयाचे. आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभे राहून सांगावयाचे. औषध असून बाहेरून आणावयास लावणे, पैसे मागणे, कर्मचारी जागेवर नसणे, अशा तक्रारी तेथे उघडपणे निघाल्या, आणि काही ठिकाणी त्या मिटल्याही. पहिल्या पहिल्या सुनावण्यांत अधिकाऱ्यांस तो आपला अपमान वाटला. ते स्वाभाविक होते. ज्याने आजवर केवळ वरिष्ठांस उत्तरे दिली, त्यास खालून आलेला प्रश्न उद्धटपणाचा वाटणारच. पण पुष्कळदा गावकरी व डॉक्टर एकाच बाजूस असल्याचे दिसून आले: औषधाचा पुरवठाच नाही, जागाच भरलेली नाही, आणि याचा जाब दोघांनी मिळून वर विचारावयाचा.

याच्या उलट उदाहरण दिल्लीचे. केंद्र सरकारने राष्ट्रीय आरोग्य धोरणाचा मसुदा २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध केला व लोकांची मते मागविली. आरोग्याचा हक्क कायद्याने द्यावा असा विचार त्या मसुद्यात होता. २०१७ च्या मार्चमध्ये धोरण मंजूर झाले तेव्हा तो मागे पडला होता. क्रमाक्रमाने, ऐपतीप्रमाणे, सेवेची हमी वाढवीत नेऊ, अशी भूमिका आली. कदाचित तेच शहाणपणाचे असेल. सरकारने प्रत्येक मत मानले पाहिजे असे मी म्हणत नाही. रोग्याने मागितलेले प्रत्येक औषध वैद्याने द्यावे असे थोडेच आहे! परंतु मत मागितल्यावर ते का मानले नाही, हे मत देणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगण्याचे ऋण मागणाऱ्यावर चढते. ते न फेडणे हे मत न विचारण्याहून वाईट, कारण त्याने पुढच्या वेळची जीभ बंद होते.

आतापर्यंत मी सरकारविषयी बोललो. ते सोपे होते. आता या मासिकाच्या वाचकांविषयी, म्हणजे आपणांविषयी.

नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ या दिवसांत २४ तासांत २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन त्याची दखल घेतली. हिंगोलीहून ऐंशी-नव्वद किलोमीटर अंतरावरील हे रुग्णालय आमच्या जिल्ह्यातील गरिबांचा शेवटचा आधार होते. हिंगोलीचे स्वतःचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झाले, ते त्यानंतर. त्या आठवड्यात आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. काय करावयास हवे याविषयी प्रत्येकाचे ठाम मत होते, माझेही होते. बोलता बोलता एकाने सहज विचारले, ‘‘आपल्यापैकी कोणी गेल्या दहा वर्षांत सरकारी दवाखान्याची पायरी चढलेला आहे काय?’’ कोणीही नव्हता. मीही नव्हतो. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात मी त्यांना एका मोठ्या शहरातील खासगी इस्पितळात नेले, आणि तेव्हा सरकारी दवाखान्याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली लिहिलेल्या एका छोट्या ग्रंथात म्हटले आहे, की एखादी संस्था बिघडू लागली म्हणजे माणसापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. आणि सर्वांत आधी सोडून जातात ते बहुधा तेच, ज्यांचा आवाज सर्वांत परिणामकारक ठरला असता. आमच्या सरकारी दवाखान्यांची कहाणी नेमकी हीच नव्हे काय? ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांच्या ओळखी आहेत, ज्यांचा फोन साहेब घेतात, ते निघून गेले. जे उरले त्यांच्यापाशी अनुभव आहे, पण शब्द नाहीत असे आपण समजतो. आणि मते मात्र आमचीच छापली जातात.

मग आम्ही परत जावे काय? तत्त्वासाठी आपल्या बापाला गर्दीच्या वॉर्डात जमिनीवर निजवा, असे मी कोणास सांगणार नाही. मी स्वतः तसे केले नाही. नीतीचा उपदेश आपल्या आजारी माणसाच्या अंगावर करून पाहू नये. परंतु जो सोडून गेला त्याने, आपण सोडून गेलो आहो, एवढे तरी बोलताना विसरू नये. त्याचे मत हे आता जेवणाऱ्याचे मत राहिलेले नाही. पंगतीवरून उठून गेलेल्याचे आहे. अर्ज लिहिण्याची विद्या मात्र त्याच्यापाशी उरलेली असते. तिचा उपयोग कसा करावा, याविषयी माझी फजिती झाली ती सांगतो.

ग्रामसभेनंतर महिन्याभराने त्या विद्यार्थ्याबरोबर मी पुन्हा त्या गावी गेलो आणि म्हातारीस म्हणालो, ‘‘आजी, तुमचा अर्ज मी लिहून देतो.’’ तिला आनंद झाला. मी ओसरीवर बसून चांगला पानभर अर्ज लिहिला. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘आरोग्यसेवेची उपलब्धता सुनिश्चित करण्यात यावी’, ‘संबंधितांस योग्य ते आदेश व्हावेत’. तीस वर्षे मराठी व इंग्रजी गद्य शिकविणाऱ्या माणसाचा तो अर्ज होता. त्यात व्याकरणाची एक चूक नव्हती. मी तो तिला वाचून दाखविला. तिने शेवटपर्यंत ऐकला आणि विचारले, ‘‘सर, ह्याच्यात कुलूप कुठं हाय?’’

कुलूप नव्हते. नात नव्हती, तीन खेपा नव्हत्या, दारावर लिहिण्याची गोष्टही नव्हती. ‘‘तुम्हाला तर वाचता येत नाही, दारावर वेळ लिहिली तरी काय उपयोग?’’ असे मी जरा ओशाळूनच म्हणालो. ती म्हणाली, ‘‘शाळंतली लेकरं वाचत्यात की. जाता-येता सांगतील.’’

मी तो कागद फाडला. तिने सांगितले तसे, तिच्याच शब्दांत, सात ओळी लिहिल्या, खाली तिचा अंगठा घेतला. कचेरीत अर्ज देताना कारकुनाने विषय काय लिहू म्हणून विचारले. विद्यार्थी म्हणाला, ‘‘कुलूप.’’ कारकुनाने एकदा आमच्याकडे पाहिले, आणि आवकवहीत तोच शब्द लिहिला. उत्तर अद्याप आलेले नाही. मागच्या आठवड्यात विद्यार्थ्याचा निरोप आला, की म्हातारी त्या अर्जाचा क्रमांक पाठ म्हणून दाखविते आणि पुढच्या ग्रामसभेस तो मोठ्याने सांगणार आहे. मीही जाणार आहे, मागे बसेन.